साप कोंडायचा तर कशात?



गेल्या हंगामात वरूडकडच्या आपल्या एका सभासदाच्या फडात तोडणी चालू असताना पाचटाखाली परड निघाली. पुस्तकात जिला घोणस म्हणतात तीच ही. टोळीतला एक पोरगा जरा धाडसी. त्याने ती काठीवर उचलून शेतावरच्या गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्यात टाकली. डब्याचे तोंड कापलेले होते, म्हणून वर पोत्याचा तुकडा आणि पोत्यावर वीट. सर्पमित्राला फोन लागला, पण तो त्या वेळी मोर्शीकडे दुसऱ्या ठिकाणी अडकलेला. सकाळी येतो म्हणाला. शेतात डबा ठेवला तर कुत्री पाडतील म्हणून संध्याकाळी तो घरी आणून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला. सकाळी सर्पमित्र आला तेव्हा वीट जागेवर, पोते जागेवर, आणि डबा रिकामा.

आम्ही त्या दिवशी कारखान्याच्या कामाने त्याच गावी होतो, म्हणून पुढचे सगळे डोळ्यांनी पाहिले. घर रिकामे करावे लागले. धान्याची पोती, अंथरुणे, संत्र्याचे रिकामे क्रेट, तुरीचे कुटार, सगळे एकेक करून अंगणात आले. घरातली आजी जोत्यावर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "लेकरं त्याच ओसरीत झोपली होती ना जी. एक इकडं अन् दोन तिकडं. रातच्याला खरखर आली, मांजर असन म्हणून कोणी उठलंच नाही." दुपारी दीडच्या सुमारास क्रेटच्या थप्पीत खालून दुसऱ्या क्रेटमध्ये परड वेटोळे करून बसलेली सापडली. कोणाला काही झाले नाही. पण आम्ही ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकले, "वीट ठेवली होती ना भाऊ, मग गेली कशी?"

त्या प्रश्नासाठीच हा लेख आहे. साप दिसल्यावर काय करावे यावर या अंकात बरेचदा लिहून झाले. साप धरल्यानंतर त्याला ज्यात ठेवतात त्या भांड्याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, आणि अपघात बहुतेक तिथेच घडतो.

आधी एक स्पष्ट करू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्याप्रमाणे साप पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. मग तो एका रात्रीसाठी असो की शोभेसाठी. वनखात्याचा फोन १९२६ हा आहे. तिथे कळवावे किंवा वनखात्याला माहीत असलेल्या सर्पमित्राला बोलवावे, आणि तोपर्यंत साप जिथे आहे तिथेच लांबून नजरेत ठेवावा. टोळीतल्या पोराने काठीवर उचलले तसे कोणी करू नये. पण आमच्या गावोगावच्या फिरतीत जे दिसते ते असे, की साप आधीच कुठेतरी कोंडलेला असतो. कधी पोऱ्याने, कधी हौशी सर्पमित्राने. अलीकडे तर प्लॅस्टिकच्या बरणीत नाग घालून ती बरणी घरात फळीवर ठेवणारे तरुणही आहेत. चार लोकांना दाखवायचे, फोटो काढायचे, उद्या सोडू म्हणायचे. त्यांच्या आयांना रात्री झोप येते की नाही हे आम्ही विचारले नाही.

आता त्या डब्याकडे येऊ. सर्पमित्राने डबा उचलून आम्हाला दाखवला. पोत्याच्या तुकड्याला एका कोपऱ्यात घडी पडली होती आणि तिथे चार बोटे आत जातील एवढी पोकळी होती. वीट मधोमध ठेवली की पोते मधे दबते आणि कोपरे उचलले जातात. डबा चौकोनी. साप गुळगुळीत भिंतीवर सरळ चढू शकत नाही, पण दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात अंग टेकवून तो बराच उंच होतो. दीड फुटाच्या डब्यात चार फुटांच्या सापाला तर चढायचेही नसते, नुसते उभे राहायचे असते. डोके जिथून जाईल तिथून बाकीचे अंग जाते. रात्रभर त्याला दुसरे काम काय? तो कडेकडेने नाक लावीत फिरतो आणि जिथे सैल लागते तिथे रेटतो. वीट ही माणसाच्या समाधानासाठी असते.

साप ज्यांना खरोखर ठेवावेच लागतात असे लोक आहेत, आणि ते हे काम कसे करतात ते पाहण्यासारखे आहे. सापाच्या विषावरचे औषध सापाच्या विषापासूनच होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष घोड्यांना थोडे थोडे टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो, आणि तो शुद्ध करून त्याची पूड कुप्यांत भरतात. मुंबईला परळची हाफकिन संस्था, जी १८९९ साली प्लेगच्या कामासाठी सुरू झाली, तिचे नाव या औषधाशी जोडलेले आपल्या जुन्या सभासदांना माहीत असेलच. म्हणजे वरूडच्या दवाखान्यात जी कुपी फोडली जाते तिच्यासाठी कुठेतरी कोणीतरी जिवंत साप सांभाळलेला असतो.

हा साप सांभाळणारा बरेचदा आपल्यासारखाच सहकारी संस्थेचा सभासद असतो, हे वाचून नवल वाटेल. तामिळनाडूत मद्रासच्या खाली, महाबलीपुरमच्या रस्त्यावर वडनेमेली नावाचे गाव आहे. तिथे इरुळा या आदिवासी जमातीची साप पकडणाऱ्यांची औद्योगिक सहकारी संस्था १९७८ पासून चालू आहे. पूर्वी हे लोक कातड्यासाठी साप मारीत. कायदा आला, कातड्याचा धंदा बंद झाला आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने ही संस्था निघाली. आपण कारखान्याला ऊस घालतो, ते संस्थेला साप घालतात. वर्षाला किती साप आणायचे याची परवानगी सरकार देते, आणि कोणत्या जातीला किती पैसे हा दर ठरलेला असतो. आणलेला साप सुमारे तीन आठवडे ठेवतात. त्या मुदतीत चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि पुन्हा रानात सोडून देतात. खूण यासाठी, की तोच साप दुसऱ्या दिवशी पुन्हा काट्यावर येऊ नये. उसाच्या मोळ्यांना अशी खूण करता आली असती तर आपल्याकडचे कितीतरी तंटे मिटले असते, पण तो विषय वेगळा. या जमातीतल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

ही मंडळी साप कशात ठेवतात? मातीच्या मडक्यात. काचेची पेटी नाही, लोखंडी पिंजरा नाही. मडक्यात वाळू घालतात, साप सोडतात आणि तोंडावर सुती कापड ताणून घट्ट बांधतात. दिसायला हे आपल्या लोणच्याच्या बरणीसारखे. पण विचार केला तर त्या मडक्यात एकही कोपरा नाही. आतली बाजू गोल, वर निमुळती होत गेलेली, म्हणून चढायला आधार नाही. माती पाझरते, म्हणून आत गारवा राहतो. आपल्या पाण्याच्या माठाचेच तत्त्व. आत अंधार, म्हणून साप शांत बसतो. तोंड लहान, म्हणून बांधायला सोपे. आणि कापड ताणलेले असल्याने त्याला घडी पडत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही मडक्याची ही रीत जुनीच. सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला नागपंचमीच्या आधी नाग धरून घरोघर मडक्यांत ठेवीत आणि पंचमीला मिरवीत. तो मुलूखही आपल्यासारखाच ऊसवाल्यांचा. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जिवंत नागांची ती मिरवणूक थांबवावी लागली. तिथली जुनी माणसे मडके हाताळण्यात पटाईत होती हे खरे. पण म्हणून आपण उद्या कुंभाराकडून मडके आणून नाग भरावा असा अर्थ कोणी काढू नये. मडक्याला खोड आहे. ते फुटते. आणि आत काय चालले आहे ते पाहायचे तर तोंड सोडून वरून डोकवावे लागते, म्हणजे आपला चेहरा सापाच्या बरोबर वर येतो. शिवाय घोणशीचे दात लांब असतात आणि ते कापडातून आरपार येतात. ज्याचा हात पिढ्यान् पिढ्या त्या कामात बसलेला आहे त्याला मडके चालते. आपल्याला नाही.

दुसरी तऱ्हा काचेची. पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले होते. साप उगाच चावत नाही हे लोकांना दाखवायचे होते आणि ते त्यांनी दाखवले. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान झाले. ते ७२ तास ऐकून आपल्याकडच्या काही पोरांनी एवढाच बोध घेतला की काच असली म्हणजे झाले. तसे नाही.

सर्पोद्यानातल्या आणि संशोधन संस्थांतल्या पेट्या आम्ही जेवढ्या पाहिल्या आणि जाणकारांशी जेवढे बोललो त्यावरून सांगतो. पेटीत काचेपेक्षा दाराकडे जास्त लक्ष असते. दार असे हवे की ते उघडण्याआधी साप कुठे आहे ते बाहेरून दिसले पाहिजे. साप दिसत नसेल तर दार उघडायचे नाही, मग आत पाणी संपलेले असो की घाण झालेली असो. सरकत्या दोन काचांचे कपाट आपल्या घरात भांड्यांना छान, पण दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे फट राहते, आणि मण्यारीसारख्या सडपातळ सापाला तेवढी पुरते. लाकडी पेटी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. श्रावणात चपखल बसलेले दार वैशाखात बोटभर सैल होते. वऱ्हाडच्या हवेत तर हे हमखास. म्हणून कडी एक चालत नाही. कडी आणि वर कुलूप, आणि किल्ली एकाच माणसाकडे.

चांगल्या पेटीत आणखी एक गोष्ट असते आणि ती आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटली. पेटीच्या आत एक लहान डबी ठेवतात, सापाला लपायला. साप दिवसा त्यातच बसतो. त्या डबीचे तोंड बाहेरून सळईने बंद करता येते. साफसफाई करायची असली की साप डबीत, डबी बंद, मग दार उघडायचे. म्हणजे माणसाचा हात आणि साप एका वेळी एकाच जागेत कधी येतच नाहीत. गुऱ्हाळाच्या चरकात हात जाऊ नये म्हणून आपण जाळी बसवतो, तसेच हे. एवढे करूनही एकट्याने पेटी उघडायची नाही असा नियम. दुसरा माणूस दाराशी उभा पाहिजेच.

जाळीबद्दलही सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे काही कोंडायचे म्हटले की कोंबडीच्या खुराड्याची जाळी आधी आठवते. ती नको. साप जाळीवर नाक घासून तोंड फोडून घेतो, त्याला धरून चढतो, आणि नाग जाळीतून बाहेर दात मारू शकतो. हवेसाठी भोके लागतात हे खरे, पण ती किती मोठी? इथे घोणशीची एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते आणि एका वेळी वीस-चाळीस पिल्ले होणे नवलाचे नाही. जन्मल्या क्षणापासून ती विषारी असतात. पोटुशी घोणस चार फुटांची म्हणून तिच्या मापाची भोके पाडली, आणि सकाळी आईची पेटी बंद पण पिल्ले घरभर, असे व्हायला वेळ लागत नाही. फुरशाची पिल्ले तर याहून बारीक. म्हणून भोके तीन मिलिमीटरच्या वर नकोत, आणि ती आतून बाहेर पाडावीत, म्हणजे पत्र्याची धार सापाच्या बाजूला राहत नाही.

एका पेटीत एकच साप. मण्यार दुसऱ्या सापांना खाते, तेव्हा जागा वाचवायला दोघांना एकत्र ठेवले तर सकाळी एकच उरेल. पेटीवर चिठ्ठी हवी: कोणता साप, किती, कधी ठेवला. चिठ्ठी सापासाठी नसते, उद्या झाडू मारायला येणाऱ्या बाईसाठी असते.

हे सगळे कायमचे साप ठेवणाऱ्या संस्थांचे झाले. आपल्या सभासदाच्या बांधावर प्रश्न चार-सहा तासांचा असतो. सर्पमित्र येतो, साप धरतो, आणि वनखात्याच्या माणसाकडे देईपर्यंत किंवा दूर नेऊन सोडीपर्यंत तो कशात तरी राहतो. तेव्हा त्याच्या हातात काय आहे ते सभासदाने बघावे, असे आम्ही म्हणतो. नुसती कापडी पिशवी असेल आणि ती तो मोटारसायकलच्या हँडलला लावून निघाला असेल तर त्याला थांबवा. पिशवीतून चावा बसतो. पिशवी गाठीवरून धरायची, अंगापासून लांब, आणि लगेच टणक डब्यात ठेवायची. डबा म्हणजे फिरकीच्या झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा पिंप, ज्यात शेतावर औषध किंवा रसायन येते तसा, पण नवा किंवा कधीही फवारणीचे औषध न भरलेला. हे फार महत्त्वाचे आहे. फवारणीच्या औषधाचा जुना पिंप कितीही धुतला तरी त्यात कोंडलेला साप मरू शकतो. झाकणाला बारीक भोके, झाकण आट्यांवर पूर्ण फिरलेले, वरून पट्टा किंवा कुलूप. आत साप पुरता लांब होऊ शकला नाही तरी चार तासांना चालते; अंधार आणि अडचण असली की तो उलट गप्प राहतो.

आणि सावली. मार्च-एप्रिलात वरूडच्या उन्हात पत्र्याचा डबा अर्ध्या तासात तव्यासारखा होतो. सापाचे रक्त हवेप्रमाणे तापते, त्याला घाम नाही, पंखा नाही. उन्हात ठेवलेला डबा म्हणजे साप शिजवणेच झाले. मेला तर बरेच झाले, असे म्हणणारे सभासद आहेत, आम्हाला माहीत आहे. त्यांनी आपल्या फडातले उंदराने कुरतडलेले ऊस मोजावेत.

डबा ठेवायचा तो घरात नाही, ओसरीत नाही, गोठ्यात नाही. गोठ्यात कुटार आणि अडगळ असते, सुटलेला साप तिथे सापडायला दोन दिवस लागतात. मोकळी, बंद दाराची, जमिनीलगत फट नसलेली खोली हवी. मोटारीची खोली बरी, पण तिची किल्ली खिशात ठेवून घरी सांगायला विसरू नका. पहाटे मोटार चालू करायला दुसराच कोणी जातो.

आकडा सांगायचा तर, देशभरातल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात भारतात साप चावून वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना काढली आहे. यातले किती साप सुटे होते आणि किती डब्यातले, हे कोणी वेगळे मोजलेले नाही. सर्पमित्र गेल्याच्या बातम्या मात्र दरवर्षी वाचायला मिळतात, आणि त्यांत साप पिशवीत घालताना किंवा काढताना, हेच शब्द असतात.

चावलाच तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि वरूड, मोर्शी, जे जवळ असेल त्या सरकारी दवाखान्यात न्या. साप सोबत नेण्याची गरज नाही. औषध चारही सापांवर एकच असते. साप दाखवायला म्हणून पिशवीत घालून नेणाऱ्यालाच तो चावल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

त्या सभासदाकडे आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. ओसरी सारवलेली होती, लेकरे अभ्यास करीत होती. तेलाचा तो डबा कुठे आहे विचारले तर आजी म्हणाली, "भंगारात देल्ला जी. पण तो पोरगा परवा नागासाठी दुसरा डबा मागाले आला होता. मी त्याले उभं नाही केलं." आम्ही शेतकी खात्याकडे लेखी मागणी केली आहे की प्रत्येक गट कार्यालयात कुलपाचा एक पिंप, लांब चिमटा आणि १९२६ लिहिलेली पाटी हंगामाआधी ठेवावी, आणि त्या त्या गटातल्या सर्पमित्राची नोंद मुकादमाकडे असावी. आपल्या गटात हे आले की नाही ते सभासदांनी ऑक्टोबरात गट कार्यालयात जाऊन बघावे, आणि आले नसेल तर आम्हाला पोस्टकार्ड टाकावे.